पहिलीला सर कशाला?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिक्षक आहे. यंदा पहिलीचा वर्ग मी स्वतःहून मागून घेतला. पालकसभेत दोन-तीन आया म्हणाल्या, ‘लहान पोरांना बाईच पाहिजेत, सरांना काय जमणार?’ आता मुख्याध्यापक म्हणतात, तुम्ही सहावी-सातवीचं गणित घ्या, पहिली मॅडमकडे देऊ. मॅडम गणितात बी.एस्सी. आहेत, त्यांना वरचाच वर्ग हवाय. मी काय करू?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, वर्ग सोडू नका.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्याच शाळांत झाली, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. वर्गवाटप कसं होतं ते मला ठाऊक आहे. पहिली-दुसरी बाईंना, गणित-विज्ञान सरांना, १५ ऑगस्टला रांगोळी बाईंची आणि माइक सरांच्या हातात. कुणी कुणाला विचारतही नाही. देशातल्या शाळाशिक्षकांत आज निम्म्याहून जास्त बायका आहेत (यूडायस म्हणजे शाळांची सरकारी आकडेवारी, तिच्यात २०२३-२४ ला सुमारे ५३ टक्के), पण वरच्या वर्गांकडे जावं तसं हे प्रमाण घटतं. तुमच्या मॅडमसारख्या किती जणींचं गणित असं वाया गेलं असेल!

‘बाईंना मुलांचं उपजत कळतं’ हे ऐकायला गोड लागतं. पण उपजतच येतं म्हटलं, की त्याचं शिक्षण कशाला आणि त्याला पूर्ण पगार तरी कशाला? अंगणवाडी बघा. १९७५ पासून ही योजना चालू आहे, सेविका बाईच असते, आणि तिच्या हातात पडतं ते मानधन. ज्या समजुतीपायी तुमचा वर्ग जातोय, तीच या बायकांना पगारापासून लांब ठेवते.

आमच्या शाळेत पहिलीला एक गुरुजी होते. मुलांना घेऊन जमिनीवर गोल करून बसायचे, मध्ये चिंचोक्यांचा ढीग. एका पोराने नऊ चिंचोके मोजून आठ सांगितले. त्याचं बोट एकावरून उडालं होतं. गुरुजी ‘चुकलं’ म्हणाले नाहीत. चिंचोके ओळीत मांडून दिले आणि प्रत्येकाला बोट लावून बाजूला सरकवायला सांगितलं. पोरगं नऊवर पोचलं, आणि कुणी न सांगता त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. मूल नेमकं कुठे अडलंय हे ओळखणं ही विद्या आहे. बाईलाही ती शिकावीच लागते.

वकिली सोडून मुलांच्या शिक्षणात उतरलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडीचं काम उभं केलं, ते नंतर कोसबाडला गेलं. गिजुभाईंना लोक प्रेमाने ‘मिशाळी आई’ म्हणत. मला ते खटकतं. एवढं काम करणाऱ्या माणसाला नुसतं शिक्षक म्हटलेलं पुरलं नसतं का?

आता त्या आयांविषयी. काही जणींच्या मनात पोरीच्या सुरक्षिततेची भीती असते, ती सभेत बोलून दाखवत नाहीत. त्या भीतीचा राग मानू नका. तुम्ही होऊनच विषय काढा : वर्गाचं दार कायम उघडं, एकट्या मुलाला मागे थांबवायचं नाही, शी-शूच्या वेळी पोषण आहाराच्या ताईंना हाक मारायची. मात्र हे नियम शाळेतल्या सगळ्यांना लावायला सांगा, मॅडमनाही. नुसते पुरुषांसाठी केले तर संशय तेवढा पक्का होईल. आयांना आठवड्यातून एकदा वर्गात येऊन बसू द्या. चिंचोके त्यांच्यासमोरच मांडा.

तुम्ही आणि मॅडम दोघांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीत न्यायला सांगा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे ज्यांचा आक्षेप आहे त्यांच्याशीच समोरासमोर बोलणं होईल. तिथे मॅडमना आधी बोलू द्या. त्यांना गणित हवंय, हे त्यांच्या तोंडून आलं की ‘पहिली मॅडमच्याच सोयीसाठी देतोय’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

एवढ्यावरही नाही ऐकलं, तर आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना भेटा. आणि सहामाहीनंतर पोरं कुठवर वाचायला लागली, ते मला नक्की कळवा.