वाचकांचे प्रश्न : गिअरबॉक्सला कवच कसलं?

प्रश्न : माझ्या काँटेसात टोयोटाचं 2जेझेड टर्बो इंजिन आहे, ताकद 500 एचपीच्या आसपास. गिअरबॉक्स टर्बो 400 ऑटोमॅटिक. गाडी फक्त ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीसाठी). अंबडचा फॅब्रिकेटर 6 मिमी एमएस पत्र्याचं कव्हर करून देतो म्हणतो, मित्र म्हणतात ब्लँकेट (गिअरबॉक्सभोवती गुंडाळायचं मजबूत कापडी कवच) मागव. काय करू? – एक वाचक, सातपूर

उत्तर : पत्र्याचं कव्हर नको. ऑटोमॅटिकमध्ये फुटतो तो आतला ड्रम. बर्नआउटला (चाकं जागीच फिरवून टायर तापवताना) किंवा लाँचला (सुटताना) स्प्रॅग, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा आतला क्लच, तुटला की इंजिनावरचं ओझं क्षणात जातं आणि ड्रम इंजिनपेक्षाही वेगाने सुटतो. आरपीएम दुप्पट झाला की त्याला फाडणारा जोर चौपट होतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगला ते तुकडे आवरत नाहीत, आणि टनेलच्या (गिअरबॉक्सवरच्या फ्लोअरच्या उंचवट्याच्या) पलीकडे तुमचा पाय असतो. घरगुती कव्हर वेल्डिंगच्या कडेला उकललं, तर उडणाऱ्या तुकड्यांत त्याचीच भर.

एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा-साहित्याची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) 4.1 चं लेबल असलेलंच कवच घ्या. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या नियमांत पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला ते सक्तीचं आहे. तुमची गाडी त्या हद्दीत सहज येऊ शकते.

आता ब्लँकेट की कडक शील्ड? टनेलमध्ये जागा कमी असेल तर ब्लँकेट. ते अखंड हवं आणि पट्टे आवळतात तिथे एक टोक दुसऱ्यावर किमान 15 सेंमी चढलं पाहिजे. सायलेन्सरच्या पाइपाला टेकू देऊ नका. तेल मुरलेलं ब्लँकेट आगीला आमंत्रण, म्हणून आधी गळती बंद करा, मगच गुंडाळा. ते उष्णताही धरून ठेवतं, तेव्हा ऑइल कूलर मोठा लागेल. कडक शील्ड आमच्या मते जास्त सोयीचं. प्रत्येक कामाला सोडवाबांधव नाही. मात्र ते त्या केसिंगच्याच मापाचं घ्यावं लागतं, आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल चेंबरखालून जाणारे 19 × 3 मिमीचे पट्टे विसरायचे नाहीत. चेंबरलाच 4.1 चं लेबल असेल तरच ते सोडता येतात.

फॅब्रिकेटरला काम द्यायचंच असेल तर प्रोपेलर शाफ्टचा लूप द्या. 50 मिमी रुंद, 6 मिमी जाड स्टीलची पट्टी, शाफ्टभोवती पूर्ण वेढा, पुढच्या क्रॉसपासून (शाफ्टच्या सांध्यापासून) 15 सेंमीच्या आत. क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुतून गाडी उलटते, ते या पट्टीने टळतं.

प्रश्न : मॅन्युअल गाडीला हेच ब्लँकेट चालेल का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही. तिथे धोका फ्लायव्हील आणि क्लचचा. बिडाचं फ्लायव्हील काढून एसएफआय 1.1 चं स्टीलचं बसवा आणि मूळ बेल हाउसिंगच्या जागी 6.1 चं. त्याला भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं की प्रमाणपत्राचा उपयोग संपला. बसवताना डायल गेज लावून मधल्या भोकाचा रनआउट, म्हणजे ते केंद्रापासून किती सरकलंय, ते बघा. 0.13 मिमीहून जास्त आला तर ऑफसेट डॉवेल (हाउसिंग केंद्रात सरकवणाऱ्या पिना) लावून तो काढा, नाहीतर इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं आणि गिअर अडकून पडायला लागतात.