बाळ, किशोर, कुमार, तरुण: नेमक्या कितव्या वर्षी कुठला शब्द? आणि कोकणात काय म्हणतात?

तुम्ही कथा लिहिताय, त्यात 15 वर्षांची मुलगी आहे, गाव वेंगुर्ल्याकडचं, आणि तिला किशोरी म्हणू की कुमारी की तरुणी असं विचारलंय. सगळीकडे चालेल असा एकच तक्ता नाहीये हो, वय कोण मोजतंय त्यावर ठरतं. मी कुडाळजवळची, हायस्कूलला शिकवते आणि मुलींना खोखो-कबड्डीच्या स्पर्धांना घेऊन जाते, त्यामुळे हे गट रोजच्या कामातले आहेत.

खोखोत किशोर गट 14 वर्षांखालचा आणि कुमार गट 18 खालचा. कबड्डीत किशोर 16 खालचा, कुमार 20 खालचा, वर वजनाची अट वेगळी. म्हणजे तुमची 15 वर्षांची मुलगी खोखो खेळली तर कुमारी गटात आणि कबड्डी खेळली तर किशोरी गटात, दोन्ही बरोबरच. पुस्तकांत बघा, आठवीपर्यंत बालभारती, नववी-दहावीला कुमारभारती आणि अकरावीला एकदम युवकभारती. एसटीत 5 ते 12 हाफ तिकीट. आणि बाल न्याय कायदा, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांच्यासाठी 18 पूर्ण होईपर्यंत सगळे बालकच, मग मिसरूड फुटलेलं असो नाहीतर नसो. बालकामगार कायद्यात मात्र 14 पर्यंत बालक आणि 14 ते 18 किशोर. तरुण कोण याचंही तसंच, आपल्याकडच्या 2014 च्या युवा धोरणात 15 ते 29, संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात 15 ते 24.

जुन्या संस्कृत श्लोकात तर क्रमच वेगळा आहे: पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन. म्हणजे तिथे कुमार सगळ्यात लहान आणि आज तो किशोरपेक्षा मोठा, आणि पौगंडावस्था आपण आता तेरा-चौदाच्या पुढे वापरतो. त्यामुळे जुन्या पुस्तकात वेगळं वाचलंत तर गोंधळू नका.

पण कथेसाठी खरा माल घरातल्या बोलण्यात आहे. घरात वर्षं कोण मोजत नाही, पोर काय करायला लागलं ते सांगतात. अजून अंगावर पितं, पालथं पडायला लागलं, रांगतं, धरून उभं राहतं, आता बालवाडीत जातं. एवढ्यावर ऐकणाऱ्याला वय कळतं. आणि या वयात बाळ, मूल, लेकरू, पोर सगळं 'ते' असतं, मुलगा असो की मुलगी, मोठं होता होता त्याचं तो किंवा ती होतं. मालवणीत मुलगा झील म्हणजे 'तो', पण मुलगी चेडू, आणि ता चेडू नपुंसकलिंगीच राहतं, कॉलेजात गेलं तरी. झील आणि चेडू हे नात्याचेही शब्द आहेत, त्यामुळे चाळिशीतल्या माणसाचा म्हातारा बापूस पण 'माझो झील' असंच म्हणणार, तिथे वयाचा संबंध नाही.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. 'चेडू मोठां झालां' हे आमच्याकडे म्हणतात ते पाळी आली की, मग ती अकराची असो की चौदाची. मुलाच्या बाबतीत मिसरूड फुटलं की कौतुक होतं आणि त्याचा खेळ चालूच राहतो, मुलीच्या बाबतीत मोठी झाली म्हटलं की दुसऱ्या आठवड्यापासून ती ग्राउंडवर दिसत नाही, चांगली पळणारी, खोखोत सूर मारून गडी टिपणारी मुलगी, आणि कारण विचारलं तर घरचे हेच तीन शब्द सांगतात. मी घरी जाऊन बोलते, सांगते की ती किशोरी गटातच आहे अजून, 14 पण पूर्ण नाहीत, कायद्याने तर 18 पर्यंत मूलच आहे तुमचं, खेळू दे. काही आया ऐकतात, काही घरी आजी ठरवते. तुमच्या कथेत हे आलं तर बरं होईल, कारण 15 व्या वर्षी कोकणातल्या मुलीला वयाचा शब्द लागतो तो असा.

मुलांचं वेगळं. बारावी करून मुंबईला नोकरीला गेला की एकोणिसाव्या वर्षी चाकरमानी, गणपतीत आला की मोठी माणसं त्याला विचारून बोलतात. गावातच राहून बोटीवर खलाशी म्हणून जाणारा त्याच वयाचा मुलगा लग्न होईपर्यंत पोरगोच, तिशी आली तरी. हे मला पटत नाही, कमवतो तोही. गद्धेपंचविशी मात्र दोघांनाही सारखीच लावतात. घोडनवरी वगैरे शब्द कृपा करून कुठल्याच पात्राच्या तोंडी सहज म्हणून घालू नका, खूप लागतात ते.

तर तुमच्या मुलीला आजी चेडू म्हणेल, आई 'गो बाय' अशी हाक मारेल, शाळेत 'मुलींनो' ऐकू येईल, अंगणवाडीच्या योजनेत ती किशोरी असेल. अल्पवयीन फक्त पोलीस आणि पेपरवाले म्हणतात, तो शब्द घरात कुणीच वापरत नाही. तरुणी मी तरी पंधराव्या वर्षी लिहिणार नाही. आणि गाव वेंगुर्ल्याऐवजी रायगडकडे नेलंत तर चेडू काढून टाका, तिकडे पोरगी, बारकी असं चालतं.