बायकोला तिसरा महिना आहे, परळीजवळ खेड्यात राहतो. गावातले फॅमिली डॉक्टर बाळंतपणापर्यंत पुरतील का?

दर महिन्याच्या तपासणीला आणि बारीकसारीक तक्रारींना पुरतील, पण बाळंतपण त्यांच्या भरवशावर ठेवू नका. मी याच जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे, म्हणून सांगते. नेहमीच्या डॉक्टरांचा मोठा फायदा म्हणजे त्यांना घर माहीत असतं: सासूला साखर आहे, सुनेचं आधी एकदा पोट पडलंय, हे त्यांना विचारावं लागत नाही. बीपी, वजन, लघवी, हिमोग्लोबिन एवढं ते नीट बघतात. मात्र ऑपरेशन, रक्त आणि भूलतज्ज्ञ त्यांच्याकडे नसतात, आणि बाळंतपणात वेळ आली तर तेच लागतं. म्हणून १२ आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे निदान एकदा तरी दाखवाच. डॉक्टरांना प्रत्येक वेळी आकडे त्याच कार्डावर लिहायला लावा. सुट्या चिठ्ठ्या नेमक्या ऐनवेळी सापडत नाहीत. ऊसतोडीला जाणार असाल तर कार्ड कपड्यांच्या आधी पिशवीत टाका.

एक मात्र आहे. खालीलपैकी काही असेल तर तपासणीसुद्धा स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच. तुम्हाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल:
- बीपी १४०/९० किंवा वर
- हिमोग्लोबिन ७ च्या खाली
- आधीचं सिझेरियन किंवा जुळी

अंगावरून रक्त गेलं किंवा झटका (फिट) आला तर कुणाला विचारत बसू नका, सरळ १०८ लावा.