लेटरबॉक्सिंग म्हणजे नेमकं काय? जिओकॅशिंगच ना ते?

नाही, त्याची थोरली बहीण म्हणा हवं तर. जिओकॅशिंग, म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी जीपीएसवर शोधायचा खेळ, २००० साली आलं. लेटरबॉक्सिंगमध्येही लपवलेली डबीच शोधायची, पण सुरुवात १८५४ ची: इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ओसाड माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल नावाच्या दलदलीच्या खळग्यापाशी एक बाटली ठेवली. तिथवर तंगडतोड करणारे आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचे.

लेटरबॉक्सिंगमध्ये हातात असतं फक्त कोडं. म्हणजे असं काहीतरी: ‘वाकड्या झाडापासून उत्तरेला चाळीस पावलं, मग दुभंगलेल्या खडकाच्या पाठीमागे.’ आता पावलं कोणाची, लहानाची की मोठ्याची, यावर अर्धा तास सहज जातो (खरी मजा तीच!). डबी सापडली की आत एक रबरी शिक्का, बरेचदा हाताने कोरलेला, आणि वही. तो शिक्का तुमच्या वहीत उमटवायचा, तुमचा त्या वहीत. शिक्का खिशात घालून आणायचा नाही.

होकायंत्र न्या. शाईचं पॅडही स्वतःचंच न्या, सगळ्या डब्यांत ते नसतं. कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवा. आणि झाकण घट्ट लावून डबी होती तिथेच लपवा, ओल शिरली की वहीचा लगदा होतो.