बाबांच्या आयपॉडमधली गाणी लॅपटॉपवर घेतली, तर गुन्हा होतो का?

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. वडील गेल्या आषाढात वारले. मोठ्या भावाने २००८ साली अमेरिकेहून पाठवलेला आयपॉड ते शेवटपर्यंत वापरत होते. त्यात तीन हजारांवर गाणी आहेत : काही घरातल्या सीडींवरून घेतलेली, काही भावाने विकत घेऊन भरलेली, काही कुठूनतरी डाउनलोड केलेली. वडिलांच्या भजनी मंडळाच्या टेपही भावाने एमपीथ्री करून त्यातच भरल्या होत्या. त्या आता दुसरीकडे कुठेच नाहीत. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला आयपॉड जोडला, की ‘हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून नव्याने भरायचा का?’ असं विचारतो. नवी पेठेतला एक दुकानदार म्हणतो, “लॉक तोडून सगळं काढून देतो, आठशे रुपये द्या. एक कॉपी मात्र माझ्याकडे राहील.” पुतण्या म्हणतो, लॉक तोडलं तर जेल होते. काय करावं?

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बघू, आधी आयपॉड सांभाळा. पुसायचं का असा प्रश्न आला की ‘रद्द’ करा. घाईत ‘हो’वर बोट पडलं, तर मंडळाची भजनं जातील आणि मग कुठलाही वकील काही करू शकणार नाही. विंडोजचा लॅपटॉप असेल तर शिफ्ट आणि कंट्रोल ही दोन्ही बटणं दाबून धरून आयपॉड जोडा, म्हणजे तो आपणहून गाणी भरायला लागत नाही.

आता पुतण्याचं म्हणणं. ते त्याने बहुधा इंटरनेटवर वाचलं असेल, आणि तिथला बराचसा सल्ला अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेला असतो. तिथे कुलूप तोडणं हाच मुळात दोष धरला जातो, पुढे त्या गाण्याचं तुम्ही काय करता हा प्रश्न वेगळा. आपल्याकडे तसं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यात शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ती कोणाला? गाण्याच्या मालकाच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूने जो कुलूप तोडतो त्याला. हेतू हा शब्द कलमातच आहे. आणि कायद्याने जे करायला स्पष्ट मनाई केलेली नाही, अशा कामासाठी कुलूप काढलं तर ते कलम लागू होत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे.

मग घरच्या वापरासाठी प्रत काढायला मनाई आहे का? कलम ५२(१)(अ) खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला भंग मानत नाही. २०१२ च्या आधी ही सूट शब्द, चाल, नाटक, चित्र यांना होती. ध्वनिमुद्रण त्यात नव्हतं. दुरुस्तीनंतर ‘कोणतीही कृती’ (म्हणजे कलाकृती) असे शब्द आले, फक्त कॉम्प्युटर प्रोग्राम वगळला. त्यामुळे स्वतःच्या सीडीवरचं गाणं आयपॉडवर आणि तिथून घरच्या लॅपटॉपवर घेणं हे माझ्या मते या सवलतीत बसतं. फक्त त्या सीडी विकू नका, रद्दीत देऊ नका. ‘आमच्या सीडीवरून घेतलं’ या तुमच्या म्हणण्याला त्या सीडींचाच आधार आहे.

शिवाय, तुम्ही ज्याला लॉक समजता ते बरंचसं लॉक नाहीच. जुन्या आयपॉडची रीत अशी, की गाणी कॉम्प्युटरवरून त्यात जायची. तिथून परत यायची सोय कंपनीने मुद्दाम दिली नाही. पण गाणी आत साधीच असतात. आयपॉड लॅपटॉपमध्ये डिस्कसारखा दिसत असेल (त्या काळातले आयपॉड बहुतेक वेळा दिसतात), तर लपवलेली फोल्डर दाखवायची सेटिंग चालू करा. ‘आयपॉड कंट्रोल’, त्यात ‘म्युझिक’, आणि त्यात एफ००, एफ०१ अशी ओळीने फोल्डर सापडतील. फाइलींची नावं चार अक्षरांची, अर्थ न लागणारी असतात; गाण्याचं खरं नाव फाइलच्या पोटात असतं, ते गाणं वाजवलं की दिसतं. अख्खं ‘म्युझिक’ फोल्डर उचलून लॅपटॉपवर ठेवा. फोल्डर लपवलेलं असणं म्हणजे कायद्यातला ‘परिणामकारक तांत्रिक उपाय’ (कलम ६५अ मध्ये कुलपाला हे नाव आहे) असं मी तरी म्हणणार नाही. या कामाला आठशे रुपयेही लागत नाहीत.

खरं कुलूप भावाने विकत घेतलेल्या गाण्यांत असू शकतं. ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात २००९ पर्यंत विकलेल्या बऱ्याच गाण्यांना कुलूप होतं. त्या फाइलींच्या नावाचा शेवट एमफोरपी असा असतो. २००९ च्या जानेवारीत ॲपलने सगळं संगीत बिनकुलपाचं करत असल्याचं जाहीर केलं, आणि भारतात ते दुकान आलं २०१२ च्या डिसेंबरात, म्हणून इकडे घेतलेल्या गाण्यांत ही अडचण सहसा येत नाही. तुमच्या भावाची २००८ ची खरेदी मात्र तपासा. तिथेही तोडफोड नको. खातं भावाचं आहे आणि भाऊ आहे. त्याने आपलं नाव आणि पासवर्ड घालून तुमचा लॅपटॉप अधिकृत केला की ती गाणी तिथे वाजतील. अशा पाच कॉम्प्युटरांपर्यंत परवानगी असते. खातं वडिलांच्या नावाचं असतं तर मात्र अवघड होतं. विकत घेतलेलं संगीत हा परवाना असतो, आणि ॲपल वारसाला जो प्रवेश देते त्यातून असं संगीत वगळलेलं आहे.

कुठूनतरी डाउनलोड केलेल्या गाण्यांना मी वकील म्हणून ‘घ्या’ म्हणणार नाही. जी प्रत मुळातच परवानगीविना आली, तिच्यापुढे ‘न्याय्य वापर’ हा शब्द लंगडा पडतो. जुनी गाणी मोकळी झालेली असतात, ही समजूतही पुरती खरी नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण शब्द आणि चाल यांचा हिशोब वेगळा : कवी आणि संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. ती गाणी आईंना ऐकायची असतील तर एखाद्या ॲपवर लावून द्या.

आता तो दुकानदार. तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती याच ओळीची : ‘एक कॉपी माझ्याकडे राहील.’ ती कॉपी कशाला, हे आपल्याला माहीत आहे. लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा. तुमची सवलत तुमच्या घरापुरती आहे. तुमच्या वडिलांची गाणी त्याच्या हार्डडिस्कवर गेली आणि तिथून पैसे घेऊन दुसऱ्यांच्या मेमरी कार्डात उतरली, की तिथे कलम ६३ उभं राहतं : किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. जाणूनबुजून मदत करणाराही त्याच कलमात येतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कलम ६४ खाली फौजदाराला वॉरंटशिवाय जप्ती करता येते. त्या दिवशी तुमचा आयपॉड दुकानदाराच्या टेबलावर असेल, तर तो पंचनाम्यात जाईल आणि पुढच्या तारखा तुम्ही मोजत बसाल.

आयपॉड उघडतच नसेल आणि दुरुस्तीला द्यावाच लागला, तर समोर बसून करून घ्या, कॉपी ठेवू देऊ नका, पावती घ्या. कुलूप काढायला दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि तपशील नोंदवून ठेवायचा, असं कलम ६५अ मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे जो दुकानदार रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहून घेतो, त्याच्यावर रागावू नका. तो कायदा पाळतोय.

भावंडांना वाटण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते पुढे निघेलच. बाजारातल्या गाण्यांचा संच एका घरात, आईंच्या लॅपटॉपवर, आणि त्याची एक सुरक्षित प्रत, इथपर्यंत ठीक. प्रत्येक भावंडाला तीन हजार गाण्यांची पेन ड्राइव्ह देणं मला सुरक्षित वाटत नाही.

भजनांचं सगळंच निराळं. ते ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन केलं, तो कायद्याने त्याचा निर्माता. टेपरेकॉर्डर वडिलांनी मांडला असेल, तर निर्माते तेच, आणि मृत्युपत्र नसेल तर तो हक्क आई आणि तुम्हा सगळ्या भावंडांकडे सारखा येतो. अभंग तुकोबांचे असतील तर शब्दांवर कोणाचा हक्क नाही. या प्रती तुम्ही घरात हव्या तितक्या काढा, भावंडांना द्या. पण यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर थांबा. पेटीवर, पखवाजावर, मागे टाळ धरणाऱ्या प्रत्येकाला कलाकार म्हणून स्वतःचा हक्क असतो, तो ५० वर्षं चालतो. जे हयात आहेत त्यांची आणि जे गेले त्यांच्या घरच्यांची एका साध्या कागदावर लेखी संमती घ्या.

आणि हे लवकर करा. त्या चार अक्षरी फाइलींपैकी भजनांच्या फाइलींत बहुधा नावच नसेल, नुसता ‘ट्रॅक १’ दिसेल. आईंना शेजारी बसवा, एकेक वाजवा, आणि हा आवाज कोणाचा, हा कुठला सप्ताह, हे साल कोणतं, ते त्या सांगतील तसं वहीत लिहून घ्या. संमतीचे कागद कोणाकडे न्यायचे, ते त्या वहीवरून ठरेल.