घाट उतरताना ब्रेकचा वास

प्रश्न : सिंहगडावरून उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल खोल जाऊ लागलं. गाडी पाच वर्षांची आहे. काय करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्ही बहुतेक तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला असाल. वास तापलेल्या ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाच्या डिस्कला (फिरत्या चकतीला) घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीचा. पेडल खोल जाणं मात्र जास्त काळजीचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेकला जोर मिळत नाही. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा : ताजं ऑइल फिकट पिवळसर, जुनं चहासारखं काळपट. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरून घ्या, नुसतं वरून टॉप-अप नको. पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर तेही बदला.

उतारावर दुसरा गिअर, वळणांवर वेळ पडली तर पहिला. न्यूट्रल कधीच नाही, कृपा करून! वास आलाच तर कडेला थांबून ब्रेक गार होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

ऑइल बदलेपर्यंत खंबाटकी घाटाकडेही जाऊ नका.