शाळेतच राहू की कॉलेजला जाऊ?

प्रिय 'ऐरोलीची गोंधळलेली',

तुझं चार पानी पत्र मिळालं. दहावी सीबीएसईतून झाली, मार्क छान पडले, सायन्स घ्यायचं नक्की. शाळा बारावीपर्यंत आहे, एप्रिलपासून अकरावीचे वर्ग सुरूही झालेत आणि तात्पुरता प्रवेश घेऊन तू तिथे बसतेही आहेस. दुसरीकडे स्टेट बोर्डाच्या अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय. मावशी म्हणते, कॉलेजसारखे दिवस नाहीत, शाळेत काय राहतेस! इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला दादा म्हणतो, शाळाच बेस्ट होती, सोडू नकोस. दोन मैत्रिणी माटुंग्याचं कॉलेज म्हणतायत, एक क्लासच्या टायअपमध्ये, म्हणजे क्लास आणि कॉलेज यांच्या संगनमताच्या प्रवेशात, गेलीसुद्धा. आणि तुझा प्रश्न असा, की जास्त मजा कुठे असते, म्हणजे तिथे राहीन.

मावशी आणि दादा दोघंही खोटं बोलत नाहीत, पण साक्षीदार म्हणून दोघंही कच्चे आहेत. माणसाला मोठेपणी साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त ठळक आठवतात, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसून आलंय. पहिल्यांदा घडलेलं बरंचसं त्याच वयातलं असतं. म्हणजे शाळा काय आणि कॉलेज काय, दोन्ही त्याच सोनेरी पट्ट्यात येतात. कोणाला काय आठवेल हे तो सध्या कशाला कंटाळलाय त्यावर ठरतं. दादा आत्ता बहुधा सबमिशनमध्ये अडकलाय. जर्नलवर सही घ्यायला केबिनबाहेर तासभर उभं राहायचं, सर नेमके मीटिंगला गेलेले, त्यात एक केटी, म्हणजे मागचा राहिलेला विषय, डोक्यावर. अशा वेळी कुणालाही आठवीचा पीटीचा तास स्वर्ग वाटेल.

मावशीची गंमत वेगळी आहे. बंक, कँटीन, ठाण्याच्या गडकरी रंगायतनचा कट्टा, तलावपाळीची भेळ हे ती जे सांगते ते एफवाय ते टीवायचं असणार. तिला एकदा फक्त अकरावी-बारावीबद्दल विचार. माझा अंदाज, दोन वाक्यांत आटपेल आणि त्यातलं एक क्लासबद्दल असेल.

आणि तुझा निर्णय नेमका याच दोन वर्षांचा आहे. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज ही एक विचित्र जागा आहे. नाव कॉलेजचं, गेटवर ओळखपत्र कॉलेजचं, पण बोर्ड शालेय परीक्षेचं, ७५ टक्के हजेरी लागतेच आणि वर्गात ऐंशी-शंभर पोरं. बऱ्याच ठिकाणी युनिफॉर्मही असतो. शिकवणारे सर सप्टेंबरपर्यंत तुझं नावही ओळखत नाहीत. शाळेतलं घरपण गेलेलं असतं आणि कॉलेजची मोकळीक अजून आलेली नसते. मजा कुठे जास्त, याचं माझं उत्तर हवंच असेल तर कॉलेजात, पण डिग्रीच्या, आणि त्यातही दुसऱ्या वर्षाला. तोवर तुला तीन वर्षं आहेत. म्हणून मजेच्या तराजूत ही दोन वर्षं घालू नकोस, दुसऱ्या गोष्टी बघ.

तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, तू ती सहज लिहून पुढे गेलीस. 'मला गॅदरिंगच्या नाटकात कधी घेतलं नाही, कारण मी निवेदन चांगलं करते.' मी ती तीनदा वाचली. पहिलीपासून तीच शाळा, तीच पस्तीस-चाळीस मुलं. पाचवीत कधीतरी बाईंनी तुझ्या हातात माइक दिला आणि तेव्हापासून तू निवेदिका. दरवर्षी तू स्टेजच्या कडेला कागद घेऊन उभी, आणि मधल्या उजेडात दुसऱ्या मुली. कोणी दुष्टपणाने केलं नाही हे. शाळा आपल्याला फार लवकर ओळखते आणि मग ती ओळख बदलायला तयार नसते. 'स्कॉलर', 'शांत', 'मस्तीखोर', जे काही एकदा चिकटलं ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत चालतं. शाळेत जी उबदार मजा असते तिची ही किंमत आहे, आणि काहींना ती परवडतेही. तुला परवडते असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

म्हणून माझं मत, शाळा बदल. सीबीएसई वाईट म्हणून नाही. जेईईची तयारी मनापासून करणाऱ्या मुलाला मी उलट सांगितलं असतं, की एनसीईआरटीची पुस्तकं सवयीची आहेत, शिक्षक ओळखीचे आहेत, प्रवासाचा वेळ वाचतोय, राहा तिथेच. तू मात्र लिहितेस की इंजिनीअरिंग की आणखी काही, हे अजून ठरलं नाही. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेचा, रस्ता मोकळा ठेवायला स्टेट बोर्ड उलट सोयीचंच. ती परीक्षा आपल्या बोर्डाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते, साधारण २० टक्के अकरावीचं आणि उरलेलं बारावीचं.

पण कुठलं कॉलेज? माटुंग्याच्या कॉलेजचं नाव मोठं आहे, मान्य. आता सकाळ डोळ्यांसमोर आण. ऐरोलीहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने ठाण्याला, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरून पूल चढायचा, स्लो लोकल पकडायची, कारण फास्ट माटुंग्याला थांबत नाही. पीक अवरला लेडीज डब्यात प्रॅक्टिकलची बॅग पोटाशी धरून उभं राहायचं. एका बाजूने सव्वा तास तरी धर. संध्याकाळी क्लास असेल तर घरी आठ. अशा दिवसात नाटकाची तालीम कुठे बसवणार आहेस? डिग्रीला गेलीस की तोच प्रवास चालेल, कारण तेव्हा लेक्चरं कमी आणि जाण्याचं कारण मोठं असतं. अकरावीत नुसत्या नावासाठी तो करू नये. रेल्वेचं विद्यार्थी कन्सेशन पास स्वस्त करतं, वेळ परत देत नाही.

ठाण्यात ज्ञानसाधना कॉलेज आहे, चेंदणीला खाडीजवळ बांदोडकर आहे. वाशीला पाटील कॉलेज आहे. ठाणं असो की वाशी, ट्रान्सहार्बरची एकच गाडी, बदलायची भानगड नाही. यातलंच घे असं मी म्हणत नाही, गेल्या वर्षीचे कटऑफ पाहून यादी तू करायची. पण यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या गेटवर एकदा दुपारी बाराच्या सुमारास जाऊन उभी राहा. पोरं आत जातायत की बाहेर पडतायत ते बघ. बारावीच्या एखाद्या मुलीला थांबवून विचार: केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं खरोखर होतात का? सांस्कृतिक मंडळात अकरावीच्या मुलांना घेतात, की तो सगळा कारभार डिग्रीवाल्यांचा? विद्यापीठाचा युवा महोत्सव डिग्रीवाल्यांसाठीच असतो, तेव्हा 'आमचं कॉलेज युथ फेस्टिव्हल गाजवतं' या जाहिरातीचा तुला दोन वर्षं उपयोग नाही. काही ठिकाणी बॅकस्टेजला मात्र अकरावीतली मुलं चालतात. चालत असतील तर डोळे मिटून हो म्हण. पडदा ओढता ओढता बरंच शिकता येतं.

टायअपबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुझी आई तिकडे झुकतेय असं दिसतं. कॉलेज कागदावर, मुलगी दिवसभर एखाद्या बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये. फी लाखांत. शाळाही नाही, कॉलेजही नाही, डबा खायला धड जागा नाही. ज्यांचं ध्येय पक्कं आहे आणि ज्यांना हा ताण पेलतो त्यांचं ठीक. ज्या मुलीने चार पानी पत्रात 'जेईई' हा शब्द एकदाही लिहिला नाही, तिला तिथे बसवू नये. हे आईला माझ्या नावाने वाचून दाखव, राग माझ्यावर येऊ दे.

मैत्रिणींचं मन मोडेल ही भीती तू दोनदा लिहिलीस. शाळेतला ग्रुप तसाही फुटलाय ना? दोघी माटुंग्याला, एक टायअपला. तू शाळेत राहिलीस तरी त्या बाकावर कोणी नसणारच. नव्या कॉलेजात पहिला दीड महिना वाईट जाईल, सरळ सांगते. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर उभं राहावं हेच कळत नाही, फोन बघत बसावंसं वाटतं. तिथे 'ही निवेदन करते' हे कोणालाच माहीत नसेल. पहिल्या कार्यक्रमाची नोटीस लागेल तेव्हा निवेदनासाठी हात वर करू नकोस, एवढं पथ्य पाळ.

आता फॉर्म. पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. पहिल्या नंबरला जे कॉलेज टाकशील ते लागलं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलंस तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा 'बघू या लागतंय का' म्हणून माटुंगा पहिलं टाकू नकोस, मैत्रिणींनी कितीही आग्रह केला तरी. आणि शाळेतून दाखला काढायची घाई नको. कॉलेज लागल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत अकरावीच्या वर्गात बसत राहा. शाळेच्या ऑफिसात मात्र याच आठवड्यात जाऊन विचारून ये, की फीचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेला आहे आणि त्याआधी दाखला मागितला तर भरलेल्यातलं किती परत मिळतं. शक्यतो लेखी घे.

तुझी,
समुपदेशक ताई